पंपाच्या खोक्यावर आकडे लिहिणाऱ्या लेखनिकास अनावृत पत्र



आपले नाव, गाव वा हुद्दा यांपैकी काहीच खोक्यावर छापलेले नसल्यामुळे हे पत्र जाहीररीत्या लिहिणे भाग पडत आहे. तथापि घरगुती मत्स्यालयाच्या रिटर्न पंपाच्या खोक्यावर ‘तासाला ३००० लिटर’, ‘उंची ३ मीटर’ आणि ‘संपूर्ण निःशब्द’ ही त्रिसूत्री ज्याच्या लेखणीतून उतरली, त्या प्रतिभावंताचे ऋण मान्य न करणे कृतघ्नपणाचे होईल.

आपल्या आकड्यांपैकी एकही असत्य नाही, हीच आपल्या कलेची खरी थोरवी. पंप तासाला ३००० लिटर पाणी देतो, मात्र ते ज्या पातळीवरून उचलले त्याच पातळीवर सोडावयाचे असेल तर. तो ३ मीटरपर्यंत पाणी चढवितोही, मात्र तेथे पोहोचलेल्या पाण्याने नळीबाहेर पडावे अशी अपेक्षा कोणी धरू नये. या दोन टोकांच्या मधोमध, म्हणजे कपाटातल्या संपापासून (खालच्या टाकीपासून) वरच्या टाकीच्या काठापर्यंतच्या दीडएक मीटरात, आम्हा रयतेचा सारा संसार चालतो, आणि नेमक्या त्याच मुलखाविषयी आपले दप्तर मौन पाळते.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ कोषागारातून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणतीही रक्कम पडताळल्यावाचून जमेस धरीत नाहीत. त्यांनी टाकीच्या काठाशी दहा लिटरची बादली धरली आणि घड्याळ लावले. आपल्या हिशेबाने ती १२ सेकंदांत भरावयास हवी होती. ती भरली २७ सेकंदांत, म्हणजे तासाला तेराशे लिटरांच्या आसपास. उंचीने आपला सारा वसूल केलाच होता, पण वाटेतल्या दोन काटकोनी एल्बोंनी आणि अरुंद नळीनेही आपापली दस्तुरी कापून घेतली होती. गंमत अशी की, त्यांच्या तीनशे लिटरांच्या टाकीला तासाला चार-पाच फेरे पुरतात. तेव्हा तेराशेंत काम बिनतक्रार भागले. पण भागले ते ६० वॅटांत. रिटर्न पंपास ना रविवारची सुट्टी, ना रात्रीची निद्रा. तेव्हा वर्षाचा आकडा सव्वापाचशे युनिटांवर जातो, आणि तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर २५ वॅटांत चढविणारा, वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप २१९ युनिटांत वर्ष काढतो. त्याची किंमत जबर असते आणि विजेच्या लहरीपणापुढे त्याचा कंट्रोलर नाजूक ठरतो, हे मान्य. परंतु पाण्यात बुडालेला पंप खाल्लेली जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने त्याच पाण्यात ओततो, हे मे महिन्यात माशांना जितके कळते तितके आपणांस कळते किंवा नाही, याविषयी शंका आहे.

आता ‘निःशब्द’ या विशेषणाकडे वळतो. साध्या एसी पंपातील चुंबकास ५० हर्ट्‌झची वीज सेकंदाला शंभर वेळा हिसका देते, आणि हा कंप पंपाच्या पायांतून संपाच्या काचेत व काचेतून कपाटाच्या प्लायवूडमध्ये उतरला की, तंबोऱ्याचा भोपळा तारेचे जे करतो तेच ते कपाट पंपाचे करते. पंपाखाली स्पंजाचा तुकडा आणि ताठ पीव्हीसी नळाऐवजी पंपालगत वीतभर सिलिकॉनची नळी घातली, म्हणजे निम्म्याहून अधिक मैफल तेथेच बरखास्त होते. उरलेला खडखडाट बहुधा पंपातल्या फिरत्या इम्पेलरवर बसलेल्या क्षाराचा असतो. बोअरवेलच्या पाण्याची घरे त्याशी परिचित आहेत. इम्पेलर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवल्यास हा क्षार सुटतो. हा दोन ओळींचा मजकूर खोक्यावर मावला असता. पण तेथे आपण एक निळा देवमासा छापला आहे, जो तीनशे लिटरांत कसा राहणार हा प्रश्न मी आज काढीत नाही.

वीज गेली म्हणजे पंप थांबतो आणि वरचे पाणी त्याच नळीने उलट खाली येऊन दिवाणखान्यात पसरते, याचाही आपण उल्लेख करीत नाही. नळीला पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली एक छिद्र पाडले, की पातळी छिद्रापर्यंत उतरताच हवा शिरते व प्रवाह तुटतो. संपात तेवढ्या पाण्यापुरती जागा मात्र रिकामी राखावी लागते.

तरी अर्ज एवढाच की, पुढील छपाईत दीड मीटरावर किती लिटर आणि किती वॅटांत, हे दोनच आकडे शेजारी-शेजारी द्यावेत. देवमासा काढून टाकल्यास जागा आपोआप होईल.

कळावे, लोभ असावा.

ता. क. – आपले एक वर्षाचे हमीपत्र मिळाले. त्यातील चौथ्या कलमान्वये इम्पेलर व त्याचा चिनी मातीचा दांडा यांना हमीतून वगळले आहे. पंपात हलणारा असा दुसरा कोणता भाग आहे, ते उलटटपाली कळवावे.