कोळी रात्री येऊन गेला

आमचा मसाल्याचा डंका चिंचपोकळीला चाळीसएक वर्षं आहे आणि इतक्या वर्षांत तो कुठे आहे हे कुणाला सांगायची वेळ आली नाही. स्टेशनातून पुलावर यायचं, आर्थर रोडच्या अंगाला उतरायचं आणि चालायला लागायचं. पहिली शिंक आली की पाय आवरायचे. दुसरी आली की डावीकडे बघायचं. बोर्ड आहे, पण बेडगीची धूळ बसून बसून त्याच्यावरची अक्षरं आता आम्हालाच तेवढी वाचता येतात, तीही पाठ आहेत म्हणून.

वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो मिटेपर्यंत काहीतरी करू म्हणून वडिलांनी आईच्या पाटल्या मोडून दोन मुसळांचा डंका घेतला. संप रीतसर मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. तेव्हा तसं पाहिलं तर आमचं दुकान अजून तात्पुरतंच आहे.

गेल्या मार्चमध्ये पुतण्या पुण्याहून आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "काका, तू नाहीयेस."

आंघोळ करून, देवाला दिवा लावून बसलेल्या माणसाला हे ऐकवायचं?

"गुगलवर नाहीयेस," त्याने खुलासा केला आणि फोन पुढे केला. 'मसाला कांडप' म्हणून शोधलं तर एक मिक्सरची जाहिरात, चार पाककृती आणि कांदिवलीचा कुणीतरी. आम्ही अकराव्या पानावर. तिथे कोण जातं, असं मी विचारलं. "कुणीच नाही," तो म्हणाला. "खून करून प्रेत लपवायचं असेल तर गुगलच्या दुसऱ्या पानावर लपवावं, असं आमच्यात म्हणतात." आम्ही अकराव्यावर, म्हणजे पार पुरलेलेच.

धंदा उतरला होता हे खरं. जुनी गिऱ्हाइकं चाळी पाडल्यावर डोंबिवली-विरारला गेली. त्यांच्या जागी टॉवर आले. टॉवरमधली माणसं खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे शिंकत नाहीत, त्यामुळे आम्ही आहोत हे त्यांना कळत नाही.

वेबसाइट करायची ठरली आणि पहिल्याच ओळीला अडली. चिंचपोकळी इंग्रजीत लिहायचं कसं? 'के'नंतर 'ए' घालायचा की नाही? 'ळ' तर त्या लिपीत नाहीच. साहेब आपल्या काळात चिंचपुगली असं लिहून मोकळा झाला होता. गुगलच्या शंभर वर्षं आधी आम्ही पुगली होतो, पण त्याचे गुण कुणी देत नाही. मालवणीत 'व्ही' की 'डब्ल्यू' यावर तर घरात दोन तट पडले.

मग पत्ता. कागदोपत्री साने गुरुजी मार्ग. पण तसं कुणी शोधत नाही, लोक आर्थर रोडच म्हणतात. आणि आर्थर रोड टाकलं की आधी येतो तुरुंग, मग कस्तुरबा रुग्णालय, तेही साथीच्या रोगांसाठी नावाजलेलं. या दोघांच्या पाठीमागे उभं राहून मसाला विकायचा! पुतण्या मात्र तुरुंगावर खूश. "बघ, १९२६ पासून एकाच जागी. आणि आत आलेला माणूस लगेच बाहेर जात नाही. वेबसाइटलाही हेच लागतं. आल्या पावली परत गेला तर त्याला बाउन्स म्हणतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो जाहीर करता झाला, "रात्री कोळी येऊन गेला." गुगलचा एक प्रोग्राम महाजालावर फिरत असतो, पानं वाचतो, एका पानावरून दुसऱ्यावर जातो. इंग्रजीत त्याला स्पायडर म्हणतात. मुंबई मूळची कोळ्यांची, तेव्हा यात नवल वाटावं असं मला काही दिसलं नाही. पण आई आतून ओरडली, "रात्री इलो? आणि माका उठवूक काय झाला तुका? सुरमय हाडल्यान काय?"

कोळ्याला खूश करायचं म्हणून मी स्वतः पहिलं पान लिहायला घेतलं. 'मालवणी मसाला' हे शब्द बावीस वेळा घातले. पुतण्याने वाचलं आणि म्हणाला, "काका, हे पनवेल-पनवेल-पनवेल ओरडणाऱ्या वडापवाल्यासारखं झालंय. पूर्वी लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत असले शब्द लपवायचे. आता गुगल ते ओळखतं आणि खाली ढकलतं." मग काय लिहू? "गिऱ्हाईक तुला जे विचारतं त्याची उत्तरं लिही." गिऱ्हाईक विचारतं: मिरची देठासकट आणू की देठ काढून? संकेश्वरी किती, बेडगी किती? त्रिफळं घालता का? माझा मसाला शेजारणीच्या मसाल्यात मिसळणार नाही ना? (या शेवटच्या प्रश्नापायी बायका उखळापाशी स्टूल टाकून बसतात. दोन तास बसतील, पण नजर हलणार नाही.) ते सगळं लिहिलं. पान लांबलं, पण वाचताना मलाच शिंक आली.

पुतण्या पुण्याला गेला आणि त्याच्या माघारी मी घात करून घेतला. एका एजन्सीचा मुलगा आला. टाय होता. "सर, पहिला नंबर, गॅरंटी." पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही असं गुगलने स्वतःच लिहून ठेवलंय, हे मला नंतर कळलं. पानाच्या आत लपणाऱ्या कीवर्डच्या यादीचे त्याने वेगळे पैसे लावले. ती यादी आपण बघतच नाही, हे गुगलने २००९ सालीच सांगून टाकलेलं. वर बोनस म्हणून आठवड्यात चौदा पंचतारांकित अभिप्राय आले. त्यातला एक असा: 'खोल्या स्वच्छ, नाश्ता उत्तम, पुन्हा नक्की राहू.' आर्थर रोडवर राहिल्याचं इतकं कौतुक मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पुतण्याने फोनवरून झाडलं आणि ते सगळे काढायला लावले.

नकाशावर दुकान चढवायचं तर व्हिडिओ लागतो. रस्ता, बोर्ड, आतली यंत्रं, आणि दुकान आपलंच आहे हे दिसेल असं काहीतरी, म्हणजे कुलूप उघडणं वगैरे. किमान तीस सेकंद, मध्ये न तोडता. एरवी तीस सेकंद म्हणजे काहीच नाही. आमच्या दुकानात तीस सेकंदांत चार शिंका होतात. प्रत्येक शिंकेला फोन हलून छत दिसायचं. तिसऱ्या खेपेला बोर्ड पुसला, डंका बंद ठेवला, तोंडाला पंचा बांधला. नेमका कुलूप उघडताना पंचा बांधलेला मी दिसलो, तेव्हा समोरचा इस्त्रीवाला धावत आला. चौथा व्हिडिओ मंजूर झाला.

आणि तरी आम्ही चौथ्या पानावर. "आता लिंक पाहिजे," पुतण्या म्हणाला. लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या दोघांनी १९९८ मध्ये गुगल काढलं, त्याआधी त्यांच्या त्या खटाटोपाचं नाव होतं बॅकरब, म्हणजे पाठ चोळणं. तुमच्याकडे किती पानं बोट दाखवतात ते मोजायचं. आणि बोट दाखवणाऱ्याची स्वतःची पत किती, तेही.

"म्हणजे मामी," मी म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मामी हळदीकुंकवात एकदा बोलून गेल्या, "माझा मसाला तिथेच," की मजलाच्या मजला पिशव्या घेऊन हजर. हेच पानवाल्याने सांगितलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. गुगलने शोध लावला म्हणतात, तो आमच्या चाळीत जिन्यावर बसून असायचा. पण मामी डोंबिवलीला गेल्या आणि आमची लिंक तुटली.

फोन केला. मामींच्या सुनेची पाककृतींची वेबसाइट निघाली, बऱ्यापैकी चालणारी. मामींनी तिला बांगड्याच्या तिखल्याखाली आमचं नाव घालायला लावलं. "फुकट नाही हं," मामी म्हणाल्या, "दोन किलो कुटून द्यायचा." दिला.

चार-पाच महिने लागले. मग एक दिवस टॉवरमधली एक मुलगी फोनवरच्या नकाशात डोकं घालून आली. दुकानासमोर फोन म्हणाला, पोचलात. ती थांबली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बोर्डाकडेही बघितलं. मग शिंकली आणि सरळ आत आली.

आता आम्ही पहिल्या पानावर आहोत, चौथे. तुम्हाला यायचं असेल तर मे संपायच्या आत या, पाऊस लागला की मिरची सर्द होते. आणि मिरच्या देठ काढून, दोन उन्हं दाखवून आणा. वेबसाइटवर तसं लिहिलंय, पण कुणी वाचत नाही.