पाऊस कसा पाहिजे ते बोला

हवामानासाठी भरवशाचं संकेतस्थळ कोणतं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुम्हाला पाऊस हवाय की नकोय? निवड त्यावरच ठरते. गच्चीवर हळदीचा कार्यक्रम असेल तर ज्या ॲपवर पिवळाधमक सूर्य हसतोय ते भरवशाचं. सोमवारी ऑफिसला दांडी मारायची असेल तर ज्याच्यावर वीज कडाडतेय ते. ट्रेकवाल्यांना थोडं धुकं, थोडी रिमझिम आणि फोटोपुरतं ऊन लागतं, त्यांच्यासाठीही एखादं सापडतंच. मंगल कार्यालयाचा मॅनेजर तारीख बुक करून घेताना एक ॲप उघडतो आणि मांडवावरच्या ताडपत्रीचे जादा पैसे सांगताना दुसरं. यात खोटेपणा कुठेच नाही. माणूस स्क्रीनवर दिसतं तेच वाचून दाखवतो.

काही चोखंदळ मंडळी मात्र एकावर विसंबत नाहीत. ती सहा ठिकाणी बघतात. सहापैकी चौघांनी पाऊस सांगितला की पडणारच, असा लोकशाही हिशेब. पण हे सहा जण बहुतेकदा सहा नसतातच. साऱ्या जगाच्या हवेचं गणित रोज मांडणारी केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. युरोपातल्या देशांनी मिळून चालवलेलं एक, अमेरिकेचं ‘जीएफएस’ चालवणारं एक, जर्मनांचं ‘आयकॉन’वालं एक, अशी आणखी काही. बाकीचे बहुतेक ॲपवाले त्यांच्याकडून आकडे उचलतात आणि आपापले ढग चिकटवतात. एकाच हलवायाची जिलबी सहा दुकानांतून आणायची आणि सगळीकडची सारखीच गोड निघाली म्हणून खात्री पटवून घ्यायची, त्यातला हा प्रकार.

आपलं घरचं मॉडेलही आहे, बरं का. पुण्यात पाषाणला तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण झाली. ती ६ किलोमीटरच्या चौकटीत हवेचा हिशेब करते. मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला तोही नेमका त्याच दिवशी. ११ जून ही त्याची नेहमीची तारीख, म्हणजे साहेब पंधरवडाभर आधीच हजर. मुंबईत तो एवढ्या लवकर आल्याची आधी नोंदच नव्हती. उद्घाटनाला आला होता, असं समजायला हरकत नाही.

चौकटीचा मुद्दा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. गंगेच्या मैदानात त्याने फारसं बिघडत नाही. सह्याद्रीत बिघडतं. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की त्याच्या जवळपासही नाही. चौकोन जरा मोठा झाला की निम्मा घाट आणि निम्मी वाई एकाच पाटावर जेवायला बसतात. तरीही तुमचं ॲप सांगतं, ‘४ वाजून १७ मिनिटांनी हलका पाऊस, ०.३ मिमी’. त्या १७ मिनिटांवर आपला फार जीव. नुसतं ‘दुपारनंतर’ म्हणणारा अडाणी वाटतो.

तसाच आपला आणखी एक लाडका प्रश्न: मुंबईत पाऊस किती झाला? २६ जुलै २००५ चं उदाहरण घ्या. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलीमीटर. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३ च्या आसपास. एकाच शहरातल्या, एकाच खात्याच्या या दोन वेधशाळा, आणि दोन्ही आकडे खरे. या दोहोंची सरासरी काढून ‘मुंबई’ असं लिहिणारं संकेतस्थळ त्या दिवशी कुर्ल्यात छातीभर पाण्यात उभ्या असलेल्याला दाखवलं असतं, तर त्याने काय केलं असतं याचा अंदाज मात्र कोणत्याही मॉडेलशिवाय वर्तवता येतो.

हवामान खात्याची भाषा हा आपल्याकडे विनोदाचा हक्काचा विषय. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे आपण छत्री विसरू तिथे, हा विनोद तर आता पेन्शनीत निघाला. पण त्या शब्दांमागे माप आहे, आणि ते कुणी वाचत नाही. तुरळक म्हणजे भागातल्या केंद्रांपैकी पावपर्यंत केंद्रांवर. मुसळधार म्हणजे दिवसाला ६४.५ मिलीमीटरच्या पुढे, अतिमुसळधार ११५.६ पासून, आणि २०४.५ ओलांडला की अत्यंत मुसळधार. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आम्ही रंगांचा अर्थ सोपा करून घेतलाय. नारिंगी म्हणजे शाळेच्या ग्रुपवर चुळबुळ, लाल म्हणजे सुट्टी. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की खात्याला शिव्या. चौथीतले चिरंजीव तेवढे खात्याच्या बाजूने असतात.

आणि टक्के? ‘पावसाची शक्यता ६० टक्के.’ पडला तरी बरोबर, नाही पडला तरी बरोबर, असा धंदा आपल्याला का सुचला नाही म्हणून लोक हळहळतात. वास्तविक त्याची परीक्षा घेता येते. जेव्हा जेव्हा ६० म्हटलं तेवढे सगळे दिवस वहीत मांडा. शंभरातल्या साठेक दिवशी पडला असेल तर ॲप शहाणं, नव्वद दिवशी पडला असेल तर तेही चुकलंच. पण ही वही ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय. चहाची उधारी लिहून ठेवणाऱ्या देशात अंदाजाची उधारी कुणी लिहीत नाही, म्हणून सगळीच संकेतस्थळं कायम भरवशाची राहतात. माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी ती उधारी एकदा वसूल करायला काढली होती. पावसाचा अंदाज फसून पेरणी वाया गेली तेव्हा, २०१७ च्या जुलैत, त्यांनी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. बियाणं आणि कीटकनाशकं विकणाऱ्या कंपन्यांशी संगनमत असल्याचा आरोप. शहरात आपण हसलो. दुबार पेरणीचा खर्च आपल्याला करायचा नव्हता.

पाच दिवसांपर्यंतचा अंदाज आज बराच कामाचा असतो. दहाव्या दिवसाला तो पातळ होतो. दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी अमुक गावी पाऊस, हे सांगता येत नाही. सुरुवातीच्या आकड्यातली बारीकशी चूक पुढे केवढी फुगते, ते एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिलं. ॲपला लोरेन्झ भेटलेला नाही. ते ४५ दिवसांनंतरच्या मंगळवारी अर्धा ढग दाखवतं. तिथे बहुधा त्या महिन्याची जुनी सरासरी नवे कपडे घालून बसलेली असते. कॅटररला ॲडव्हान्स त्या अर्ध्या ढगावर जातो.

त्यापेक्षा पंचांग बरं, असं माझं सरळ मत. ते पाऊस बरोबर सांगतं असं मी म्हणत नाही. पण सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजा, नऊने भागा, बाकी उरेल ते वाहन. शून्य उरलं तर हत्ती आणि भरपूर पाऊस, ही सगळी कृती ते उघड सांगतं. भेंडवळच्या घटमांडणीतही अक्षय्य तृतीयेला कोणती धान्यं मांडली आणि सकाळी ती कुठे सरकली, हे गावासमोर असतं. ॲप कोणतं मॉडेल, केवढी चौकट, शेवटचा हिशेब किती वाजताचा, यातलं काय सांगतं? आहे म्हणा तसं सांगणारं. ‘विंडी’वर खाली मॉडेलचं नाव बदलून बघता येतं. मग युरोपवाला कोरडं दाखवतो, अमेरिकावाला ओलं, आणि घरात भांडण लागतं. लोकांना ते नको असतं. त्यांना एकच सूर्य हवा.

भविष्याचं जाऊ द्या, हल्ली भूतकाळही हवा तसा मिळतो. एका संकेतस्थळावर तुम्ही तुमच्या आजोळचं नाव टाका. १४ ऑगस्ट १९५१ रोजी दुपारी २ वाजता तिथे किती अंश होते, ते दशांशासह हजर. त्या साली त्या गावात तापमापक नव्हताच, दवाखान्यातला काय तो असेल. मग हा आकडा कुठून आला? युरोपच्या केंद्राने १९४० पासूनची तासातासाची हवा गणिताने पुन्हा रचली आहे, ३१ किलोमीटरच्या चौकटीत. तिला ‘ईआरए५’ म्हणतात. अभ्यासकांसाठी ती सोन्याची खाण, आणि ती करणारे हे रचलेलं आहे असं स्पष्ट सांगतात. ते सांगणारी खालची ओळ संकेतस्थळवाला खोडतो आणि वर ‘तुमच्या गावाचा हवामान इतिहास’ अशी पाटी लावतो.

मोजलेला इतिहास लांब नाही, पुण्यात शिवाजीनगरला आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इकडे आलं, म्हणून त्या इमारतीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, आणि रिक्षावाल्यालाही तेच कळतं. तिथली १९०१ पासूनची चौकटवार पावसाची आकडेवारी फुकट उतरवून घेता येते. अडचण एवढीच की ती फाइल वाचायला प्रोग्रॅम लिहावा लागतो आणि उघडल्यावर तिच्यात सूर्य हसत नाही. त्यामुळे आमच्या कट्ट्यावर इतिहास तोंडीच चालतो. ‘आमच्या वेळी पुण्यात पंखा लागत नसे,’ असं काकांनी म्हटलं की ३० एप्रिल १८९७ रोजी याच पुण्यात ४३.३ अंश होते, हे सांगून उपयोग नसतो. ‘मोजताना चुकले असतील,’ असं काका म्हणतात.

हे चुकण्याचं अगदीच खोटं नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले. देशभर ठळक बातमी झाली. मग खात्याने तपासलं आणि यंत्र तीन अंश जास्त दाखवत होतं असं जाहीर केलं. खुलासा आतल्या पानावर आला. ५२.९ मात्र अजून फॉरवर्ड होतोय.

माणसाने मोजलं तरी खाचाखोचा असतात. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे काल रात्री कोसळलेला पाऊस आजच्या तारखेला लागतो; मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या संकेतस्थळाशी त्याची तुलना केलीत तर दोघंही चोर ठरतात.

हे सगळं एका तालुक्याच्या गावी मी जवळून पाहिलं. पर्जन्यमापकाभोवती तारेचं कुंपण होतं आणि कुंपणावर कुणाची तरी गोधडी वाळत होती. झाड त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब असावं असा नियम. पेरूचं झाड हाताशीच होतं, सोयीचं. कारकून साडेआठला आला. त्याने नरसाळं काढलं, बाटली उचलली आणि काचेच्या मापात पाणी ओतायला घेतलं. माप लहान, म्हणून तीन-चार वेळा भरून बेरीज करायची. भोवती वीसेक शेतकरी. महसूल मंडळात ६५ मिलीमीटर नोंदले गेले तर अतिवृष्टी, पंचनामे, मदत. नाहीतर नुसताच पाऊस.

दुसरं माप चाललं होतं की तिसरं, यावरून कालवा झाला. एकाने मोबाइल पुढे केला, ‘भाऊसाहेब, यात ८२ दाखवतंय.’ दुसऱ्याच्या ॲपवर १२ होते. तिसऱ्याचं अजूनही ‘निरभ्र आकाश’ म्हणत होतं आणि तो गुडघाभर चिखलात उभा होता. कारकुनाने शेवटचे थेंब झटकले, माप डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाला, ‘ॲपवरच्या पावसाची मदत ॲपवाल्याकडं मागा.’ आणि रजिस्टरात ६४.८ लिहून खाली सही केली.