साठ पैशांचा येन

कमी खर्चात आठवड्याभराचा जपान ठरवणे हे मुख्यतः वजाबाकीचे काम आहे. सात दिवसांतून जाण्यायेण्याचे दोन वजा होतात, उरतात पाच. मुंबईहून तोक्योला थेट विमान असते, पण बँकॉक किंवा क्वालालंपूरला उतरवून दहा-बारा तास खुर्चीवर ताटकळत ठेवणारे तिकीट स्वस्त पडते, आणि तेच घेतले जाते. उरले साडेचार. जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे जाताना तेवढा वेळही कापला जातो. तो परतताना मिळतो खरा, पण तेव्हा त्याचे करायचे काय?

देश बहुधा विनिमय दर पाहून निवडला जातो. डॉलर आणि युरोपुढे मान खाली घालणाऱ्या रुपयाला येनपुढे ताठ उभे राहता येते. येन साठ पैशांच्या आसपास असतो. घरातला हिशेबी माणूस या एका आकड्यावर भाळतो. हे भाळणे रामेनच्या वाडग्याची किंमत दिसेपर्यंत टिकते, कारण जपानात येन सुटे येत नाहीत, हजाराच्या घरात येतात.

तारखांचा प्रश्न अधिक कठीण. तोक्योत चेरी फुलते मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला. इकडे तेव्हा वार्षिक परीक्षा. सुट्टी लागते तोवर २९ एप्रिलपासून ५ मेपर्यंतचा ‘गोल्डन वीक’ उभा असतो. त्या आठवड्यात सारा जपानच जपान पाहायला निघतो आणि हॉटेलांचे दर चढतात. जूनमध्ये तिकडे पाऊस असतो, पण तो घरबसल्याही पाहता येतो. क्योतोचे मेपल लाल होतात ते दिवाळीची सुट्टी सरल्यावर. शेवटी मेचा दुसरा आठवडा ठरतो, आणि त्याचे मुख्य कारण इतकेच की त्याविरुद्ध कोणाला काही सापडत नाही.

व्हिसाच्या अर्जाला बँकेचे उतारे लागतात, ते मिळतात. दिवसवार कार्यक्रमही लागतो, तिथे घर अडते. रविवारी लग्नाला कोणी जायचे हे जिथे शनिवारी रात्रीपर्यंत ठरत नाही, तिथे अमुक तारखेला सगळे नारा शहरात असतील असे लेखी द्यायचे असते. तोक्यो, फुजी, क्योतो, नारा, ओसाका आणि हिरोशिमा ही सहा नावे साडेचार दिवसांत बसवली जातात. कागदावर ती बसतात.

रेल्वेत मात्र खरी मेख आहे. पर्यटकांसाठीचा सात दिवसांचा जेआर पास वर्षानुवर्षे स्वस्ताईचा मंत्र मानला गेला, आणि परिचितांच्या सल्ल्यांत तो अजूनही आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेली. तोक्यो-क्योतो बुलेट ट्रेनचे एकेरी तिकीट चौदा हजारांच्या आसपास. म्हणजे नुसते जाऊन येणाऱ्याला पास घेऊन तोटाच. तरीही तो घेतला की वसूल करायचा म्हणून कुटुंब गाडीतून उतरतच नाही आणि जपान खिडकीतून पाहते. दुसरा पर्याय रात्रीच्या बसचा. भाडे कमी आणि एका रात्रीचे हॉटेल वाचते. मात्र सकाळी क्योतोत उतरणाऱ्या माणसाला मंदिरापेक्षा उशी दिसावीशी वाटते.

कॅप्सूल हॉटेल हा स्वस्त मुक्काम १९७९मध्ये ओसाकात सुरू झाला. झोपायला सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद खण मिळतो. पुरुष आणि स्त्रियांची व्यवस्था सहसा वेगळी असते, काही ठिकाणी स्त्रियांना प्रवेशच नसतो. घोरणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला ही सोय वाटू शकते. त्याच्या शेजारच्या खणातल्या अनोळखी जपान्याचे मत कोणी विचारत नाही.

जेवणात ‘दाशी’ आडवी येते. भाज्यांच्या सूपपासून नूडल्सपर्यंत सर्वत्र असणारे हे पाणी बहुधा सुकवून धुरावलेल्या माशाच्या किसापासून काढतात. मालवणच्या माणसाचे त्यात काही अडत नाही, पण संकष्टी धरणाऱ्याचे अडते. त्याच्यासाठी आंबट-खारट उमेबोशी घातलेला भाताचा त्रिकोण कोपऱ्यावरच्या दुकानात चोवीस तास मिळतो. फारच झाले तर तोक्योतल्या निशी-कासाईत भारतीय वस्ती आहे. तो भाग एदोगावा प्रभागात येतो, जिथल्या सभेवर २०१९मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. घरून लाडू-चिवडा न्यावा, हापूस नेऊ नये: ताजी फळे आरोग्य-प्रमाणपत्राशिवाय आत सोडत नाहीत, आणि पेटी जप्त झाल्याचे दुःख कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेले नसते.

फुकट गोष्टींत जपान उदार आहे. शिंजुकूतल्या महानगर शासनाच्या इमारतीत ४५व्या मजल्यावरून तोक्यो विनामूल्य दिसते, आणि क्योतोच्या फुशिमी इनारीला तिकीटच नाही. नाऱ्याची हरणेही फुकट, फक्त त्यांची बिस्किटे विकत घ्यावी लागतात आणि ती संपल्याचे हरणांना पटवून द्यावे लागते.

राहता राहिल्या भेटवस्तू. शंभर येनच्या दुकानात कर धरून वस्तू ११० येनला पडते, म्हणून यादीतल्या नावांना ११०ने गुणले की हा खर्च निघतो. बऱ्याच वस्तूंच्या तळाशी ‘चीनमध्ये तयार’ असे छापलेले असते, पण ते जपानी लिपीत असले म्हणजे आत्याला वाचता येत नाही.