आटपाट आकाशगंगेची जकात

‘स्टार वॉर्स’ला विज्ञानपट म्हणायची पद्धत आहे. ती कशी पडली हे एक कोडंच आहे. निर्वात अवकाशात कानठळ्या बसवणारे स्फोट होतात, लढाऊ यानं दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांसारखी गिरक्या घेतात आणि उजेडाच्या तलवारी ठरल्या लांबीवर शिस्तीत थांबतात. २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत पडद्यावर आलेल्या या चित्रपटाची पहिली पाटीच मुळी सांगते, की हे सगळं फार पूर्वी, कुठल्यातरी दूरच्या आकाशगंगेत घडलं. म्हणजे आटपाट नगर! तिथे राजा असतो, त्याला एक आवडती आणि एक नावडती राणी असते, आणि नावडती नावडती का झाली हे कुणी विचारत नाही. विचारलं तर शुक्रवारची कहाणी शनिवारपर्यंत लांबेल. दिग्दर्शक जॉर्ज लुकासला हे बरोबर उमगलं होतं. सम्राटाने सिनेट बरखास्त केल्याची बातमी एका वाक्यात येते, क्लोन युद्धांचा उल्लेख जाता जाता होतो, जबा नावाच्या कुणाचं तरी देणं थकलंय एवढं कळतं आणि गोष्ट पुढे पळते. माझं म्हणणं असं, की या मालिकेचं खरं वैभव या न सांगितलेल्या गोष्टींत होतं. पुढच्या चाळीसेक वर्षांत त्या एकेक करून सांगून टाकण्यात आल्या, आणि सांगायला लावलं ते आम्ही भक्तांनी.

हान सोलोची फुशारकी घ्या. अंधाऱ्या कॅन्टीनात भाडं ठरवताना तो ऐटीत सांगतो, की माझ्या ‘मिलेनियम फाल्कन’ यानाने केसेलची फेरी बारा पार्सेकच्या आत मारली. पार्सेक हे अंतराचं माप, सव्वातीन प्रकाशवर्षांहून किंचित जास्त. वेगाची बढाई मारताना ते तोंडावर फेकणारा माणूस थापाड्या असणार हे उघड आहे. समोर ओबी-वान होऊन बसलेल्या अॅलेक गिनेसच्या चेहऱ्याकडे पाहावं. ‘असू दे, बाळा, असू दे’ असा भाव त्यावरून सरकून जातो. मापाच्या एका चुकीत अख्खा माणूस उभा राहिला! पण भक्तांना चूक सहन होईना. २०१८ च्या ‘सोलो’ने अखेर निकाल दिला: नेहमीचा रस्ता वीस पार्सेकचा, हानने आडवाटेने जाऊन अंतरच कमी केलं, सबब तो खरं बोलत होता. थापाड्याला प्रामाणिक ठरवून काय पदरात पडलं? नशीब, की तिथेही आकडा पुरता बारा भरत नाही. त्याचा साथीदार चुबाका गुरगुरतो आणि हान म्हणतो, वरचं सोडून दिलं तर बाराच. त्याच चित्रपटात भरतीचा अधिकारी त्याला घरच्यांविषयी विचारतो, तो कुणीच नाही म्हणतो, आणि साहेब आपल्या मनाने ‘सोलो’ असं आडनाव ठोकून मोकळे होतात. या आडनावाच्या चिंतेने कुणाची झोप उडाली होती, ते मला अजून समजलेलं नाही.

तसा हा रोग जुना. १९९९ चा ‘द फँटम मेनेस’ सुरू होतो तो व्यापारी मार्गांवरच्या करांच्या वादाने. आटपाट नगराच्या जकातीचा तंटा! त्याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘फोर्स’. १९७७ मध्ये म्हाताऱ्या ओबी-वानने ती दोन-तीन वाक्यांत उरकली होती: साऱ्या सजीवांतून निघणारी, विश्वाला बांधून ठेवणारी शक्ती. ती कुणालाही लाभू शकेल असं वाटायचं, आणि म्हणूनच जगभरची पोरं दिव्याच्या बटणाकडे हात रोखून उभी राहायची. १९९९ मध्ये नऊ वर्षांच्या अॅनाकिनचं रक्त काढून तपासलं जातं आणि फोर्स ज्यावरून मोजतात त्या मिडी-क्लोरियनचं प्रमाण वीस हजारांच्या वर निघतं. अध्यात्माचा रिपोर्ट आला. फक्त रक्त जेवणाआधीचं की नंतरचं, तेवढं लिहायचं राहिलं.

यामागे खेळण्यांचा धंदा आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. लुकासने खेळण्यांचे आणि पुढच्या भागांचे हक्क स्वतःकडे राखले होते. १९७७ च्या नाताळात केनर कंपनीची बाहुली तयारच झाली नव्हती, तेव्हा तिने चक्क रिकामा पुठ्ठ्याचा खोका विकला. आत एक प्रमाणपत्र, ते पाठवा, बाहुल्या मागाहून येतील. लोकांनी घेतला! आणि बाहुली आली की पाकिटावर छापायला नाव लागतं, म्हणून कॅन्टीनातल्या एकेका चेहऱ्याचं ‘हॅमरहेड’, ‘वॉलरस मॅन’ असं बारसं झालं. पण १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये पळापळीच्या प्रसंगात नारिंगी कपड्यांतला एक माणूस काखेत आइस्क्रीमचं यंत्र मारून क्षणभर धावतो, त्याचं काय? त्यालाही आज विलरो हुड हे नाव आहे, त्याच्यासारखे कपडे करून संमेलनांत धावणारे चाहते आहेत, आणि २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ने ते यंत्र म्हणजे मौल्यवान चीजवस्तू ठेवायचा डबा असल्याचा खुलासाही केला. हे कुठल्या कंपनीने मागितलं नव्हतं. बोबा फेट त्याच चित्रपटात जेमतेम चार वाक्यं बोलून अजरामर झाला; पुढे त्याच्या नावाने सात भागांची मालिका निघाली, तेव्हा इतकं सांगून झालं होतं की पाचव्या भागात तो दिसतच नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे लहानपणी खाल्लेलं सगळंच गोड लागतं. मग १९७८ चा दूरदर्शनवरचा ‘हॉलिडे स्पेशल’ही गोड लागायला हवा. त्यात सुरुवातीला एक वूकी कुटुंब मिनिटामागून मिनिटं नुसतं गुरगुरतं, पडद्यावर भाषांतराची ओळ नाही. न सांगण्यालाही धरबंद हवा, हे तेव्हाच सिद्ध झालं. दुसरा आक्षेप वजनदार आहे. खलनायक व्हेडर हाच नायक ल्यूकचा बाप, हे उत्तर नव्हतं का? होतं, पण ते कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं. पहिल्या चित्रपटात बापाला व्हेडरने मारलं असं ओबी-वान सांगून चुकला होता. त्या एका रहस्याने मागचं सगळं उलटंपालटं झालं, आणि १९८३ मध्ये बिचाऱ्या ओबी-वानला ‘एका दृष्टीने पाहिलं तर मी खरंच बोललो’ अशी सारवासारव करावी लागली. चित्रपटसृष्टीतली ही सर्वांत लंगडी सबब मला अतिशय प्रिय आहे.

‘अँडोर’ या मालिकेचंही तेच. २०२२ आणि २०२५ मधले तिचे चोवीस भाग म्हणजे २०१६ च्या ‘रोग वन’ची पूर्वपीठिका, आणि ‘रोग वन’ म्हणजे साम्राज्याच्या डेथ स्टार या अवकाशतळाला त्याचा नाश घडवणारं ते दोन मीटरचं भोक का राहिलं याचा खुलासा. मोठ्या सरकारी बांधकामात भोक राहतंच, त्याला कारण लागत नाही. तरी मुद्दाम ठेवलं होतं म्हणून सांगितलं. माझ्या हिशेबाने ‘अँडोर’ तर फसायलाच हवी होती. पण तिचा कर्ता टोनी गिलरॉय याने दाखवला तो सिरिल कार्न: गणवेश स्वतःच्या मापाने नेटका करून घेणारा, नोकरी घालवून आईच्या घरी आलेला, नाश्त्यावर तिचे टोमणे गिळणारा, आणि शेवटी कुणा मामा-काकाच्या वशिल्याने मोजमाप खात्यात चिकटलेला. साम्राज्य चालतं कशावर, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. आम्ही आइस्क्रीमच्या यंत्रात गुंतलो होतो.

राहता राहिला आमचा दुटप्पीपणा. २०१२ मध्ये डिस्नेने सुमारे ४०५ कोटी डॉलर मोजून हे सगळं विकत घेतलं. २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये रायन जॉन्सनने मला हवं ते केलं: नायिका रेचे आईबाप कुणीच थोर नव्हते, दारूच्या पैशांसाठी पोर विकणारे भंगारवाले होते, आणि खलनायक स्नोक कोण, कुठला, हे न सांगता त्याला मधोमध कापला. भक्तांनी आकाशपाताळ एक केलं. घाबरून २०१९ मध्ये रेला सम्राट पॅल्पटीनची नात करण्यात आलं, आणि मेलेला पॅल्पटीन ‘कसा कोण जाणे’ परत आला. त्याच्या घोषणेचा आवाज ऐकायचा तर ‘फोर्टनाइट’ नावाचा व्हिडिओ गेम खेळत बसायला हवं होतं! यावर मीही खवळलो, आणि त्यात विसंगती नाही. राजाला दोन राण्या कशा, हे न सांगणं वेगळं. मेलेली राणी तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात दिसली तर कहाणी ऐकणारीचा विचारायचा हक्क शाबूत असतो. गोष्टीबाहेरचं झाकलेलं राहू द्यावं, गोष्टीतलं गिळू नये, एवढा साधा नियम आहे.

तो नियम आजवर एकाच ठिकाणी निष्ठेने पाळला गेला आहे. योडा कुठल्या जातीचा, कुठल्या ग्रहावरचा, हे १९८० पासून आजतागायत अधिकृतपणे कुणी सांगितलेलं नाही. लुकासने सांगितलं नाही, डिस्नेलाही धीर झाला नाही, आणि ही जागा अशीच रिकामी राहावी असं माझं ठाम मत आहे. नाही म्हणायला थोडा हिशेब तेवढा लागतो. योडा नऊशेव्या वर्षी गेला. माणसाची पंचाहत्तरी धरली, तर त्यांची बारा वर्षं म्हणजे आपलं एक. त्याच जातीचा ग्रोगू ‘द मँडलोरियन’मध्ये पन्नास वर्षांचा आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वाचार, मुंज शहाण्णवाव्या वर्षी, इथवर सगळं जुळतं. पण सव्वाचार वर्षांचं पोर तीन हंगाम तरंगत्या पाळण्यातून हिंडतं आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही, याचा खुलासा कुणीतरी करायलाच हवा.