मु. पो. मागची पन्हळ

चि. पिंपळ यांस,

'चि.' लिहिताना हात जरा अडखळला. वयाने तुम्ही दोन पावसाळ्यांचे, उंची हातभर, पानं मोजून अकरा. पण गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी 'झाडांमध्ये मी अश्वत्थ' असं सांगून ठेवलंय, तेव्हा तुम्हाला अरे-तुरे करायची आमची काय छाती! शिवाय चिरंजीव हा शब्द तुमच्या घराण्याला अक्षरशः लागू पडतो. श्रीलंकेत अनुराधापुरात तुमचा एक भाऊबंद 2,200 वर्षांहून जास्त काळ उभा आहे. आमचं घर जेमतेम साठीचं. कोण कुणाकडे राहायला आलंय तेच कळेनासं झालंय.

पत्रास कारण की, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.

तुम्ही आलात कसे, ते उघड आहे. कुणा पाखराने फळ खाल्लं आणि पुढचा कार्यभाग आमच्या कौलांवर उरकला. पण बी काय, अंगणातल्या फरशीवरही पडतं. गादी घातली ती आम्ही. तळाला फणसाची जाड पानं, त्यावर आंब्याची, माघात मोहोराचा भुगा, कौलांवरून सुटलेलं शेवाळ आणि पुतण्याचा हरवलेला चेंडू. इतकी कसदार माती आमच्या परसातल्या अळवालाही मिळालेली नाही.

तुमचा पत्ता आम्हाला लागला तोही परस्पर. नारळ काढायला आलेला गडी माडावरून ओरडला, "तुमच्या पन्हळीत बाग आहे हो!" मग मी पडवीच्या कठड्यावर स्टूल ठेवून, बायकोला स्टूल धरायला लावून, पन्हळीत हात घातला. वर चार बोटं पाणी, खाली चहाच्या चोथ्यासारखा काळा लगदा. पाण्यात स्वल्पविरामाएवढ्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात म्हणे. आमच्या पन्हळीत दोन वर्षांत त्यांच्या किती पिढ्या मार्गी लागल्या असतील!

आजोबांच्या वेळी या घराला पन्हळ नव्हतीच. पागोळ्या सरळ खाली जांभ्याच्या चिऱ्यांवर पडायच्या. चिऱ्यांना पडलेले खळगे अजून आहेत. तिथे तुमची डाळ शिजली नसती. पुढे आमच्या पिढीला येता-जाता डोकं भिजवून घेणं जमेना, म्हणून पत्र्याची पन्हळ आली. दहा फुटांना अर्धा इंच उतार, शेवटी पाईप, पाईपचं पाणी थेट माडाच्या आळ्यात. पहिल्या वर्षी पाहुण्यांना उभं करून दाखवायचो.

आता पाईपच्या तोंडाशी तुमची मुळं आहेत, त्यामुळे पाणी स्वतःची वाट काढतं. ते किती, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचा मागचा उतार 50 चौरस मीटरचा. 100 मिलीमीटरचा दिवस कोकणात बातमी होत नाही, पण त्या दिवशी 5,000 लिटर तुमच्या दारावरून जातं. पुढच्या काठावरून पडलं असतं तर धबधबा म्हणून मिरवलं तरी असतं. ते मागे वळतं, पन्हळीच्या फळीत मुरतं, तिथून वाशांत. परवा एका वाशाच्या टोकाला सहज नख लावलं. बिस्किटात रुतावं तसं रुतलं.

आता तुम्ही विचाराल, आगोटीची एवढी कामं करता, त्यात पन्हळ का नाही? लाकडं भरली, झाप बांधले, आमसुलं बरणीत गेली. ही सगळी कामं डोळ्यांसमोरची. पन्हळ खालून स्वच्छच दिसते. मी समजतो, धाकटा करील. धाकटा मे महिन्यात येतो, आंबे खातो आणि समजतो, दादाने केलीच असेल. मध्ये एकदा आम्ही वर प्लॅस्टिकची जाळीही बसवली होती. पानं अडली, मोहोराचा भुगा जाळीवरच बसला आणि पहिल्याच सरीत पाणी जाळीवरून तरंगत पडवीत आलं. जाळी सध्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. तिथे उत्तम चालते.

खरी कमाल तुम्ही पुढे केलीत. उपटायचं म्हटलं तर आई म्हणाली, "पिंपळाला हात लावायचा नाही." काकूंनी मुंजा काढला. अकरा पानांवर बसणारा मुंजा केवढासा असेल, हे विचारायची सोय नाही. शेजारचे अण्णा म्हणाले, शनिवारी तर नकोच नको. रविवारी मॅच होती. आमच्या आळसाला इतकं कडक सोवळं आजवर कुणी नेसवलं नव्हतं, त्याबद्दल विशेष आभार.

मात्र परवा रात्री आईच्या उशीवर टपकलं. पहाटे तिने धर्मशास्त्रात दुरुस्ती केली: मोडायचं नाही, पण मुळासकट अलगद काढून मारुतीच्या देवळामागे लावायला हरकत नाही. तेव्हा बांधाबांध करून ठेवा. वरून मोडलं तर तुम्ही पुन्हा फुटता, हे आम्हालाही ठाऊक आहे. करवंटीने सगळा लगदा उपसून, पत्र्याच्या जोडातून मूळ न् मूळ सोडवून न्यायचा बेत आहे. लगदा सोनचाफ्याला घालू. अळ्यांची व्यवस्था कोंबड्या बघतील.

काल मृग लागला. पाऊस दाराशी आहे, शिडी शिमग्यापासून अण्णांकडे आहे, आणि अण्णा मुलाकडे पुण्याला गेलेत. ते आले की भेटूच.

आपला,
घरमालक (सातबाऱ्यापुरता)