ब्लू टिकची भानगड

अहो वहिनी, ऐकलंत का? बी विंगच्या काकू सोसायटीच्या ग्रुपमधून गेल्या! तुम्हाला कुठून कळणार म्हणा, २०२२ पासून ग्रुप सोडलेला फक्त अ‍ॅडमिनलाच कळतो ना. पूर्वी कसं, सगळ्यांसमोर जाहीर व्हायचं, मग चार जण 'काय हो झालं?' विचारायचे, कुणी तरी समजूत काढायला दारात जायचं. आता रुसायचीसुद्धा सोय राहिली नाही. पण गंमत बघा, ग्रुपची माहिती उघडून अगदी खाली जा, गेलेल्यांची यादी साठ दिवस तिथेच असते. काकूंना वाटतंय, गुपचूप सटकले!

तर काय सांगत होते... पेटलं ते टँकरच्या वर्गणीवरून. सेक्रेटरींनी मेसेज टाकला, काकू लिफ्टपाशी म्हणतात कशा, "मी वाचलाच नाही बाई!" नातवानं त्यांचं रीड रिसीट बंद करून दिलंय, म्हणून बिनधास्त. अहो, पण ते ग्रुपमध्ये चालतं का? सेक्रेटरींनी तिथल्या तिथे मेसेज दाबून धरला, इन्फो उघडलं आणि मोबाईल काकूंच्या नाकासमोर. वाचणाऱ्यांत पहिलंच नाव काकूंचं, वेळेसकट! चेहरा असा पडला म्हणता... बाजूला वॉचमन उभा, तो आपला चपला बघत बसला. मला तर हसू दाबवेना.

आमच्या नणंदबाई म्हणतात, यापेक्षा ऑर्कुट बरं होतं. त्या तिथल्या जुन्या, इन्व्हिटेशन असल्याशिवाय आत घेत नसत तेव्हाच्या. स्क्रॅपबुक सताड उघडं; पण कुणाचं काय चाललंय ते कळायला या घरचं वाचायचं नि उत्तरासाठी त्या घरी जायचं. आणि तुम्ही डोकावलात की त्यांच्याकडे तुमचं नाव उमटणार! नको असेल तर बंद करा, पण मग तुमच्याकडे कोण येऊन गेलं तेही दिसणार नाही. फिट्टंफाट. मला हे फार पटतं हो. बघायचं असेल तर दिसायचीही तयारी ठेवा. टेस्टिमोनियलचं मात्र... ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानंच मंजूर करायचं, मग वाईट कोण ठेवून घेणार? सगळे गुणाचेच! ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद पडलं आणि पाठोपाठ नोव्हेंबरात इकडे ब्लू टिक आली. नणंदबाई अजून हळहळतात.

हं, तर काकू. घरी गेल्या नि ग्रुपवर काहीतरी लांबलचक लिहिलं, मिनिटात डिलीट! आता डिलीट केलं तरी 'मेसेज डिलीट केला' एवढी पाटी राहतेच की. झालं, जो तो विचारतोय, काय होतं, काय होतं. तेवढ्यात सी विंगच्या ताईंनी सेक्रेटरींच्या मेसेजवर हात जोडलेला इमोजी चिकटवला. आता तो नमस्कार की टोमणा? सेक्रेटरीणबाईंनी टोमणाच धरला, सकाळी दूधवाल्यासमोर तोंड फिरवलं ताईंकडे बघून. आणि काकू त्याच रात्री ग्रुपबाहेर.

काय लिहिलं होतं? अहो, मी वाचलं ना! माझ्या स्क्रीनवर वरच्या वर आलं होतं, डिलीट व्हायच्या आत. सेक्रेटरींच्या मेहुण्याचा टँकर आहे म्हणे... जरा अलीकडे या, त्यांची खिडकी उघडी आहे.