धूर नाही, राख नाही, वीजही नाही

जगात जर्मनी, भारतात परभणी. या म्हणीचा पुरावा मागायचा नसतो. परभणीकर तर मुळीच मागत नाही. तर आमच्या या जोडीदाराने 15 एप्रिल 2023 रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. त्या बाबतीत परभणी जर्मनीच्या पुढेच म्हणायची, कारण आमच्याकडे बंद करायलासुद्धा एक नव्हती. कोळशाला मात्र जर्मनीने 2038 पर्यंतची मुदत दिली. बिनधुराची वीज आधी घालवायची आणि धुराची ठेवून घ्यायची, हे शहाणपण आम्ही त्यांच्याकडून घेणार नाही.

त्याच एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने औंढा नागनाथच्या 'लायगो' प्रयोगशाळेसाठी 2600 कोटी मंजूर केले. औंढा 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, तेव्हा मान आमचाच. प्रकल्प अणुऊर्जा विभागाचा! पण वीजबिज काही नाही. अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्याचा हादरा इथे टिपायचा. शेजारच्या शिवारात डीपी जळाला तर तो टिपणारं यंत्र अजून निघायचंय.

अणुऊर्जा स्वच्छ का? कर्बाच्या हिशेबात आहे, वाद मिटवून टाकू. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या 2014 च्या अहवालात बांधकामापासून सगळं धरून कोळशाच्या एका युनिटमागे साधारण 820 ग्रॅम कर्बवायू दिलाय, अणूच्या युनिटमागे 12. उरतो तो कचरा, जो हजारो वर्षं सांभाळायचा. आपल्या नगरपालिकांना कालचा कचरा उद्यापर्यंत सांभाळता येत नाही, तरी ते असो.

स्वच्छतेचा पहिला नंबर मात्र जैतापूरचा. डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी आले, करार झाले. प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण 9900 मेगावॉट, जगातला सर्वांत मोठा अणुप्रकल्प. तेव्हापासून आजवर धूर नाही, राख नाही, किरणोत्सर्ग नाही आणि एक युनिट वीजही नाही. एप्रिल 2011 मध्ये तिथल्याच साखरी नाट्याला प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मात्र गेला. याच जातीची भट्टी फ्रान्सने स्वतःच्या फ्लामानव्हिलला 2007 मध्ये बांधायला घेतली. तिची वीज ग्रीडला मिळाली डिसेंबर 2024 मध्ये. कारागिराच्या घरी सतरा वर्षं लागली, मग जैतापूर प्रकल्पाच्या जागी, माडबनच्या सड्यावर किती लागतील ते तुम्हीच मोजा.

मग एखादी भट्टी परभणीलाच आणा, असं कुणीतरी पुढारी एक दिवस बोलणारच. त्याला आधी परळी दाखवा. परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी जातं आमच्या सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून. 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये गोदावरी आटली, पाणी संपलं आणि केंद्र बंद पडलं. कोळसा होता, माणसं होती, पाणी नव्हतं. अणुभट्टीला तर युनिटमागे पाणी त्याहून जास्त लागतं. जायकवाडीचं पाणी वरून सुटावं म्हणून दर टंचाईत नाशिक-नगरशी कोर्टकचेरी करणाऱ्यांनी भट्टीचं नाव काढू नये. ती समुद्राकाठीच बरी, आणि तीही तिथल्या लोकांना विचारून. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवलेल्या पोफरण-अक्करपट्टीच्या लोकांना पुनर्वसनासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, हे विसरू नका.

आता आमचा प्रश्न. थंडीत जिंतूरकडे रात्री अकराला थ्री फेज येते. हरभऱ्याला दारं धरायला माणूस निघतो तो एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन. फावडं खांद्यावर. पाय चिखलात आणि डोळे धुऱ्यावरच्या गवतात, कारण तिथे कोण वेटोळं घालून बसलंय याचा नेम नाही. दीड वाजता लाइट जाते. तो तिथेच बांधावर बसून राहतो, कारण घरी गेलं की ती येते, हा नियम आहे. त्याला विचारा, दादा, अणुऊर्जा स्वच्छ की सौर? तो विचारेल, कोणती दिवसा येते?

उत्तर त्याच्या डोक्यावर आहे. ज्या उन्हाने मे महिन्यात परभणी भाजून निघते, तेच ऊन हिवाळ्यातही दिवसभर फुकट पडतं आणि पाणी मागत नाही. शेतीच्या फीडरला सौर वीज जोडायची योजना राज्याकडे आहे, काही ठिकाणी ती चालूही झालीय. रात्री कारखाने चालवायला अणुवीज लागेल, त्याला आमची ना नाही.

सरकारने 2047 पर्यंत एक लाख मेगावॉट अणुवीज करायचं ठरवलंय. करा. साहेब, आमचं मागणं त्याच्या आधीचं आहे: येत्या रब्बीत जिंतूर, सेलू, पाथरी, सोनपेठच्या प्रत्येक शेती फीडरला सकाळी आठ ते संध्याकाळी चार थ्री फेज द्या, आणि जळालेला डीपी दोन दिवसांत बदलून द्या.